बिनअंड्याचे नाना

पेण ते रोहा या पट्ट्यात माणूस निवृत्त झाला की पहिले सहा महिने झोपतो, आणि मग त्याला काहीतरी लागतं. कुणाला नर्मदा परिक्रमा लागते, कुणाला गच्चीवरची वांगी, कुणाला मुंबई-गोवा हायवे. हायवे म्हणजे त्यावरचा प्रवास नव्हे, त्याबद्दलचे अर्ज. हा छंद सगळ्यांत टिकाऊ, कारण विषय संपायचं नाव घेत नाही. अलीकडे या मंडळींत एक नवा भिडू आलाय. लेकीकडे तीन महिने परदेशी राहून आलेला, जाताना बॅगेत सोडे आणि कडवे वाल घेऊन गेलेला आणि येताना व्हीगन होऊन आलेला. सोयीसाठी त्याला नाना म्हणू. पेणला हा नाना बहुधा मास्तर असतो, अलिबागला वकील. पण अस्सल माल बघायचा तर रोह्याचा बघावा, धाटावच्या एमआयडीसीत केमिकल प्लांट चालवून बाहेर पडलेला.

शाकाहारी माणूस गप्प बसू शकतो. एकादशीवाला तर साबुदाण्यात तोंड घालून गप्पच असतो. नानांना ती सोय नाही. कुणाकडे गेले आणि चहा आला की ‘नको’ एवढ्यावर भागत नाही. ‘मी दूध घेत नाही’ असं म्हणून ते थांबतात. समोरच्याने ‘का?’ विचारावं यासाठी ती जागा सोडलेली असते. समोरचा मात्र रोहेकर असतो. तो काळजीने विचारतो, “शुगर निघाली का हो?” धडधाकट माणूस डॉक्टरने न सांगता दूध सोडतो, हे आमच्याकडे कुणाला पटतच नाही. मग नाना १९४४ सालच्या इंग्लंडपासून सुरुवात करतात, डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या व्हीगन सोसायटीपासून. ते भारतात पोचेपर्यंत चहावर साय धरलेली असते आणि यजमान ती बोटाने बाजूला करत असतो.

त्यातून नानांचा जिल्हा चुकला. खारेपाटातल्या तळ्यांत इथे जिताडा वाढवतात, आणि साहेबाच्या घरी जिताडा पोचल्याशिवाय कचेरीतली फाइल हलत नसे, असं जुनी माणसं अजून सांगतात. मासा हे जिथे चलन, तिथे हा मनुष्य पाकीट घरी ठेवून हिंडतो. नानांनी मासे सोडले, ते लोकांनी समजून घेतलं. श्रावणात निम्मं गाव सोडतं. फक्त “तुमचा श्रावण संपतो कधी?” एवढंच विचारलं. पण दूध, दही, ताक, तूप? मधसुद्धा? सत्यनारायणाच्या पूजेत तर भलताच पेच पडला. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचातले चार बाद. उरली साखर, तर तिच्याबद्दलही नानांनी गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं की काही देशांत साखर शुभ्र करायला हाडांच्या कोळशातून गाळतात. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि नानांच्या हातावर पळीभर पाणी घातलं.

प्रसादाला मात्र सूट आहे. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस तिला सलामी देतात, सगळं रोहं रस्त्यावर असतं, आणि त्या गर्दीत कुणीतरी नानांच्या हातावर पेढा ठेवतं. नाना तो खातात. दुसराही खातात. “देवाचं आहे. तिथे आपला अधिकार चालत नाही,” म्हणतात. ज्या पालखीला सरकारी यंत्रणा सलामी ठोकते, तिथे व्हीगनपणाची काय कथा.

वाण्याच्या दुकानात नाना भिंग घेऊन जातात. वाणी पुड्यावरचा हिरवा ठिपका दाखवतो. नाना सांगतात, तो ठिपका शाकाहाराचा, त्यात दूध बसतं; व्हीगनसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली वेगळे नियम केलेत, त्याचं हिरवं ‘व्ही’चं चिन्ह निराळं. वाणी म्हणतो, “तेही मागवतो,” आणि मागवत नाही. बेकरीत मात्र नानांचं लगेच जमलं. “पावात दूध घालता का?” “दूध? कसं परवडेल काका?” “वरून चकाकीसाठी अंडं लावता?” बेकरीवाल्याने हातातली लादी खाली ठेवली. “एवढ्याशा पावाला अंडं?” साध्या बेकरीचा पाव गरिबीमुळेच व्हीगन असतो, हा रोह्यातला मोठा शोध नानांच्या नावावर जमा आहे.

आता टोस्ट. पोहे, थालीपीठ, घावन असे हजार पदार्थ हाताशी असताना नानांनी नेमका फ्रेंच टोस्ट का धरला, याचा उलगडा सोपा आहे. अंडं आणि दूध काढून घेतलं की ज्यात नुसता पाव उरतो, असा तो पदार्थ. सोप्या किल्ल्यावर चढाई करण्यात नानांना रस नाही.

रविवारी सकाळी आठला ‘बॅच’ लागते. ओट्याच्या कडेला लॉगबुक उघडं असतं. कच्चा माल: पावाच्या चार स्लाइस, त्याही आदल्या दिवशीच्या, कारण ताजा पाव मिश्रण पितो आणि कोसळतो. तीन चमचे बेसन, एक चमचा कॉर्नफ्लोअर, वाटीभर नारळाचा रस, किसलेला गूळ, दालचिनी. अंड्याचं काम काय, तर तापलं की घट्ट होऊन पावाला धरून ठेवायचं. ते बेसनसुद्धा करतं, जरा उशिरा आणि जरा कुरकुरत. सुरुवातीला नाना पनवेलहून बदामाच्या दुधाचे डबे आणत. रोहं म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं गाव. ते १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या गावात गायीच्या दुधाच्या चार-पाच पट भावाची वस्तू किती दिवस टिकणार? नानींनी एकदा बिल बघितलं आणि मागच्या दारच्या माडाकडे नुसता हात केला. वर सांगितलं, “पहिला रस घालू नका, करपेल. दुसरा घ्या.” लॉगबुकात नोंद झाली: सेकंड एक्स्ट्रॅक्ट.

मग नानांचा हुकमी एक्का, काळं मीठ, चिमूटभर. त्यात गंधकाची संयुगं असतात आणि त्यांना उकडलेल्या अंड्याचा वास येतो. मिश्रणात ते पडलं की वास स्वयंपाकघरातून ओटीवर आणि ओटीवरून आळीत जातो. शेजारी खिडक्या लावून घेतात आणि आज वारा कुठला आहे, असं एकमेकांना विचारतात. नानी पदर नाकाला लावून म्हणाल्या, “या वासापायी माणसं अंडं खात नाहीत, आणि तुम्ही तो विकत आणून घालताय?” नानांकडे याचं उत्तर होतं, पण त्यात सल्फाइड हा शब्द चार वेळा येत होता.

पहिली स्लाइस तव्याला धरली आणि खरवडून निघाली. दुसरी बाहेरून खमंग दिसत होती, पण आतलं बेसन कच्चं राहून घशाला लागलं. तिसऱ्या वेळी नाना व्हिस्कॉसिटी तपासायला पळीच्या पाठीवरून बोट ओढत होते, तेवढ्यात नानी पाण्याचा हंडा घेऊन तिथून गेल्या. जाता जाता गॅस बारीक केला, तव्यावर झाकण टाकलं, आणि काही न बोलता पुढे गेल्या. ती स्लाइस सुंदर निघाली. लॉगबुकात लिहिलं गेलं: तापमान नियंत्रण सुधारले, बाह्य हस्तक्षेप.

चवीचं खरं सांगायचं तर टोस्ट चांगला लागतो. कडेला गूळ जळून कुरकुरीत जाळी धरते, आत नारळाचा मऊपणा राहतो, दालचिनी आपलं काम करते. अंड्याचा मात्र लागत नाही. नानींनी एक तुकडा खाऊन बघितला. “टोमॅटो ऑम्लेटचा गोड भाऊ आहे हा,” म्हणाल्या. टोमॅटो ऑम्लेट म्हणजे बेसन, टोमॅटो, कांदा. मराठी घरांत ते इतकी वर्षं होतंय, आणि त्यात अंडं कुणी कधी शोधलं नाही. वर नानींनी निनाव काढलं. कायस्थांच्या घरी श्रावणात होणारं ते निनाव म्हणजे भाजलेलं बेसन, थोडी कणीक, नारळाचा रस आणि गूळ. वर-खाली आच देऊन केलेली वडी. तूप काढून खोबरेल घातलं तर तुमच्या त्या सोसायटीला कळवायला हरकत नाही, म्हणाल्या. आणि खापरोळी? नारळाच्या गोड रसात बुडवलेली, जाळीदार? नाना लॉगबुकाची पानं उलटत राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी शेजाऱ्यांना निनाव वाटलं, ‘एगलेस, डेअरी-फ्री बेसन कस्टर्ड’ म्हणून. शेजारीण कायस्थांचीच. तिने ते खाल्लं आणि म्हणाली, “वेलची कमी पडली.”

टोस्टचा डबा घेऊन नाना महिन्यातून एकदा पेणला व्याह्यांकडे जातात. मेमूने गेले तर पेणपर्यंत टोस्ट शाबूत असतो, एसटीने गेले तर वडखळ नाक्यालाच त्याचा लगदा होतो. व्याही अण्णा पेणचे. त्यांच्या गल्लीत गणपतीचा कारखाना. नाना आधी तिथे थांबतात. रंगकाम चाललेलं असतं, बारीक ब्रशने डोळ्यांची आखणी. नाना विचारतात, “ब्रश कशाच्या केसांचा?” रंगारी मान वर न करता सांगतो, “काका, उंदीर मातीचा आहे.”

विहीणबाईंनी एकदा नानांची जिरवायची ठरवली. त्यासाठी त्यांना काहीच करावं लागलं नाही. सकाळी पेणचे पोहे, वर ओलं खोबरं. दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी, तळलेली मिरगुंडं. नाना ताटाकडे बघत बसले.

“बिरड्यात तूप?”

“नाही हो. तेल आणि खोबरं.”

“कढीत ताक असेल.”

“आमसूल आणि नारळ.”

नाकारायला काहीच नव्हतं. इतकं उदास जेवताना नानांना कुणी बघितलं नव्हतं. जेवणानंतर त्यांनी डबा काढला. अण्णांनी टोस्टचा तुकडा तोंडात टाकला, विचार केला आणि म्हणाले, “हे वरचं बेसन जिताड्याला झकास बसेल.”

मग दोघांची जुंपली. नाना म्हणाले, गांधीजींनी १९१२ साली दूध सोडलं होतं.

“आणि शेळीचं कधी धरलं?”

“१९१९. आजारपणात.”

“म्हणजे सात वर्षं. तुमची अजून दोनही झाली नाहीत. शेळी बघून ठेवतो.”

नानांनी विनोबांना पुढे केलं. गागोदे पेण तालुक्यातलंच, विनोबांचा १८९५ चा जन्म तिथला. ते आज असते तर माझ्या बाजूने असते. अण्णा म्हणाले, विनोबा गायीच्या बाजूने होते, आणि गायीने तुमच्याकडे अजून काही तक्रार केल्याचं माझ्या कानावर नाही.

नाना मिथेन सांगतात, कोलेस्टेरॉल सांगतात, पाण्याचा हिशेब सांगतात. एक गोष्ट ते व्याख्यानात घेत नाहीत. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दूधवाल्याला विचारलं होतं, म्हैस व्याली आणि रेडकू नर निघालं तर त्याचं पुढे काय करता. दूधवाल्याने किटलीचं झाकण दोनदा लावलं आणि ‘उद्यापासून अर्धा लिटर का?’ असं विचारलं. नाना म्हणाले, उद्यापासून नको. एवढंच. बाकीचं वक्तृत्व नंतरचं.

जानेवारीत शेतावर पोपटी लागते. वालाच्या शेंगा, बटाटे, कणगरं, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, खडे मीठ, आणि मडक्याच्या तळाला नि तोंडाला भांबुर्डीचा पाला. मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. नानांचं मडकं वेगळं, लहान, त्यावर खडूने ‘व्ही’. अर्ध्या तासाने दोन्ही फोडली. नानांच्या शेंगा उत्तम शिजल्या होत्या. मोठ्या मडक्यातल्या मात्र चकाकत होत्या. नाना आपल्या शेंगा सोलत, नजर तिकडे. शेवटी अण्णांना त्यांनी हळूच विचारलं, “तुमच्या शेंगा कोंबडीला चिकटून होत्या का?”

“छे. कोंबडी केळीच्या पानात गुंडाळलेली होती. शेंगांना तिची फक्त वाफ लागली.”

नानांनी क्षणभर हिशेब केला. “वाफ म्हणजे डिस्टिलेट,” ते म्हणाले. “त्यात घन पदार्थ येत नाही.” आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.