एक तारखेचं साहित्य

मराठी लेखकावर या देशात सर्वांत जास्त विश्वास कुणी टाकला असेल, तर तो प्राप्तिकर कायद्याने. वाचकाने नाही, समीक्षकाने तर नाहीच. १९६१च्या या कायद्यात मागाहून ८०-क्यूक्यूबी नावाचं एक कलम आलं. पुस्तकांच्या रॉयल्टीवर वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत वजावट! शालेय पाठ्यपुस्तकं, डायऱ्या, पत्रकं वगळलेली. म्हणजे नजर आपल्यासारख्यांवरच. हे कलम वाचलं तेव्हा मला भरून आलं. दिल्लीत बसून कुणीतरी गृहीत धरलं होतं की लेखकाला ३ लाख मिळतील, मिळाले की कराच्या काळजीने त्याची झोप उडेल, आणि ती उडू नये म्हणून आपण आधीच काहीतरी करून ठेवलेलं बरं.

आयुष्य पाटबंधारे खात्यात फायली हलवण्यात गेल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. ३०० रुपयांचं पुस्तक, १० टक्के रॉयल्टी, प्रतीमागे ३० रुपये. ३ लाखांसाठी वर्षात १० हजार प्रती खपायला हव्यात. कथासंग्रहाची ५०० प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक हल्ली स्वतःला दर्यावर्दी समजतो. म्हणजे वर्षाला वीस आवृत्त्या. महिन्याला दीडच्या वरच. कलमात पुढे एक अटही आहे. रॉयल्टी एकरकमी नसेल, तर विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या १५ टक्क्यांवर मिळालेली रक्कम वजावटीला धरायची नाही. प्रकाशक उदार होऊन लेखकांवर पैसे उधळत सुटतील, तेव्हा कुठेतरी आवर घातलेला बरा, असा विचार त्यामागे असावा. ही अट मी माझ्या प्रकाशकांना वाचून दाखवली. ते डोळे पुसेपर्यंत हसले आणि त्यांनी चहा मागवला. रॉयल्टीतून तो चहा वळता झाला नाही, हेही सांगायला हवं.

नव्या करप्रणालीत मात्र ही वजावट मिळत नाही. सरकारचाही आमच्याविषयीचा गैरसमज हळूहळू दूर होत असावा.

मग मराठी साहित्याला पोसलं कुणी? राजाश्रय गेला, लोकाश्रय यायचा होता तो वाटेत कुठेतरी चहाला थांबला. मला विचाराल तर गेल्या शंभर वर्षांत मराठी साहित्याचा खरा आश्रयदाता एकच : महिन्याची एक तारीख. मर्ढेकर आकाशवाणीत. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत. पु. लं.नीही काही वर्षं तिथेच काढली. विंदा आणि जी. ए. इंग्रजी शिकवत होते, एक मुंबईत, दुसरे धारवाडला. इंग्रजीने मराठीचं काय केलं यावर वाद घालणाऱ्यांनी ही बाजूही खतावणीत लिहून ठेवावी. वपु मुंबई महापालिकेत वास्तुविशारद. अरुण कोलटकर जाहिरातींत. श्री. ना. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये. सकाळी कादंबरीतल्या गारंबीच्या माडांखालून निघून ते बसच्या कारभारात कसे शिरत आणि संध्याकाळी परत कसे जात, याचं मला फार कुतूहल आहे. पुढे तर त्यांनी ‘बेस्ट’चाच इतिहास लिहिला. मालकाचं मीठ इतक्या रीतसर फेडणारा दुसरा कादंबरीकार मला माहीत नाही.

सगळ्यांत मौजेची गोष्ट अमेरिकेची. जयवंत दळवी आणि मंगेश पाडगावकर, दोघेही मुंबईतल्या अमेरिकी माहिती खात्यात नोकरीला होते. शीतयुद्धाच्या काळात आपल्या डॉलरांचा काय उपयोग होतो आहे, याची आयोवातल्या मका पिकवणाऱ्या करदात्याला कल्पनाही नसेल. त्यातला थोडासा झिरपत झिरपत आरवलीच्या माणसांच्या कथांपर्यंत आणि मराठी भावगीतांपर्यंत पोचत होता. आपण कधी त्याचे आभार मानले नाहीत.

बायकांचा हिशेब आणखी वेगळा. शान्ता शेळके, विजया राजाध्यक्ष, कमल देसाई, सगळ्या शिकवत होत्या. बहुतेक लेखिकांना त्याशिवाय घरचीही एक नोकरी असते. तिला रविवार नसतो आणि पगारपत्रकही नसतं. आणि ज्या मोजक्या पुरुषांनी ‘पूर्णवेळ लेखक’ व्हायचं ठरवलं, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी सकाळी साडेनऊला डबा घेऊन कोण बाहेर पडत होतं, हे चरित्रकार सहसा लिहीत नाहीत. पडत होतं कुणीतरी. चरित्रात ते ‘पत्नीची मोलाची साथ’ एवढ्या तीन शब्दांत आटोपतं.

एक तारीख ज्यांच्या वाट्याला आली नाही, किंवा फार कष्टाने आली, त्यांचीही नावं घ्यायला हवीत. तिथे माझा विनोद जरा अडखळतो. नारायण सुर्वे गिरणीत राबले, मग शाळेत शिपाई आणि त्यानंतर शिक्षक झाले. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत. ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिणारे अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, परदेशी भाषांत अनुवादित झाले आणि १९६९ साली हलाखीत गेले. ८०-क्यूक्यूबी तेव्हा नव्हतं. असतं तरी वजावट कशातून करायची, हा प्रश्न उरलाच असता.

नुसत्या लेखणीवर चूल पेटवायची तर लिहायचं तरी किती? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भाव हा असा आहे : लेखनावर जगायचं असेल तर हजार पुस्तकं. आमच्यापैकी पुष्कळांची सहा-सात होतात आणि सातव्यातली पात्रंसुद्धा तिसऱ्यातून उसनी आणलेली असतात.

दिवाळी अंकांचं सांगायचं तर १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा हंगाम पावसाळ्यात असतो. आषाढात संपादकांचे फोन सुरू होतात. काही मानधन वेळेवर देतात, काही उशिरा देतात, काही अंक पाठवतात, आणि काही अंक कुठल्या दुकानात मिळेल ते कळवतात.

वाचनालयांकडे मात्र माझं मन हळवं आहे. महाराष्ट्रात अनुदानावर चालणारी वाचनालयं हजारोंनी आहेत आणि आमच्या आवृत्त्यांना मोठा टेकू त्यांच्याच खरेदीचा असतो. साताऱ्याला एका बाईंनी मला थांबवून सांगितलं, “तुमच्या पुस्तकाला आमच्या वाचनालयात दोन महिने नंबर लागत नाही हो!” केवढा आनंद झाला मला! घरी येईपर्यंत तो टिकला. मग डोक्यातला कारकून जागा झाला आणि म्हणाला, शंभर वाचक, एक प्रत, ३० रुपये. ब्रिटनमध्ये १९७९च्या एका कायद्याने वाचनालयातून पुस्तक उचललं गेलं की लेखकाच्या नावे काही पेन्स जमा होतात. वर्षभराची वरची मर्यादाही ठरलेली आहे, म्हणजे तिथेही कुणी महाल बांधत नसणार. पण कुणीतरी मोजतंय, हेच किती छान! आपल्याकडे ती बाई भेटते. तिचं मोल पेन्समध्ये होत नाही हे खरं, पण दूधवाला ते कशातच धरत नाही.

नोकरी नसती तर ही सगळी मंडळी दुप्पट लिहिती, अशी हळहळ नेहमी कानावर येते. मला ती फारशी पटत नाही. निवृत्त झालो तेव्हा माझ्यापुढे टेबल होतं, वेळ होता, शांतता होती, पेन्शनही होती. बसलो. सुचेना. पस्तीस वर्षं ज्या हेडक्लार्कच्या जाचामुळे आपण लिहू शकत नाही असं मी म्हणत होतो, तोच माझ्या अर्ध्या कथांना कच्चा माल पुरवत होता. त्याला रॉयल्टीतला वाटा द्यायला हवा होता, पण पुस्तकं त्याने वाचली असती तर प्रकरण वाट्यावर थांबलं नसतं.

आता दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. प्रकाशकांनी असा दाखला कधी मागितला नाही, आणि कायद्याने त्यांना त्याची गरजही नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पेन्शन आपल्याबरोबर आटते. रॉयल्टी नातवंडांपर्यंत जाते. एका रविवारी मी हे मुलाला नीट समजावून सांगितलं. वर्षाची सरासरी काढून दिली, तिला साठाने गुणून दाखवलं. त्याने कागद शांतपणे वाचला, घडी घालून माझ्याकडे परत दिला आणि विचारलं,

“बाबा, माळ्यावरच्या न खपलेल्या प्रती कुणाच्या नावे करताय, तेवढं आधी सांगा.”