जन्मवेळ आणि जॉइनिंग डेट

निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला अनिश्चितता शिकवायला जाऊ नये. ऑक्टोबर छाटणी साधली, घड भरले, व्यापारी भाव बोलून गेला, की नेमक्या त्याच रात्री गारा. या जुगाराला कंटाळून ओळखीतल्या एका बागाईतदारांनी थोरल्याला पायलट करायचं ठरवलं. "पोराला तरी आभाळाकडे बघत बसायला नको," असं ते ज्याला त्याला सांगायचे.

कर्ज काढलं, पोराने २०० तास विमान उडवलं, लायसन्स हातात आलं. पण लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. त्यावर टाईप रेटिंग लागतं, म्हणजे विशिष्ट विमानाचं वेगळं आणि महागडं शिक्षण. एअरबस ए-३२० शिकावं, तर भरती निघते बोइंग ७३७ची. बोइंग शिकलेल्याचा अनुभव अर्थातच उलटा.

नोकरी लागली तरी खरी पत्रिका पुढेच मांडली जाते. तिच्यात जन्मवेळेला विचारत नाहीत, रुजू झाल्याची तारीख बघतात. आठवडाभर आधी लागलेल्याला कॅप्टनची खुर्ची आधी, दिवाळीची रजाही आधी. कंपनी बदलली, की केस पिकलेले असोत नसोत, सिनिऑरिटीच्या यादीत शेपटाला. आणि कंपनीनेच मान टाकली तर? किंगफिशर २०१२ मध्ये बसली तेव्हा जेट एअरवेजमध्ये गेलेल्याला शहाणा म्हणत. १७ एप्रिल २०१९ला जेट थांबली. तिथून गो एअरमध्ये गेलेला सुटला म्हणेपर्यंत मे २०२३ उजाडला आणि गोही जमिनीवर आली. यात विमान चालवण्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडून यांची परीक्षा घेतात. कंपनी बंद पडल्यावर काय करायचं, ते मात्र कुठल्याच चेकलिस्टमध्ये नाही.

कंपन्या अशा बंद पडण्याची रंगीत तालीम नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर आम्ही पाहिलीच आहे. धावपट्टी लढाऊ विमानं बनवणाऱ्या एचएएलची, मिग आणि सुखोईला पुरून उरलेली. तिला काही होत नाही. येतात-जातात त्या विमानकंपन्या. २०१७च्या डिसेंबरात एअर डेक्कनचं १९ आसनी विमान आलं, पुढच्या जूनमध्ये जेटचं दिल्लीचं. दोन्ही गेली. नाशिककर दोन्ही वेळा पेढे वाटून मोकळे.

नोकरी अशी टांगणीला लागली, की पोराच्या आत्याबाई त्र्यंबकेश्वरी शांत करून घ्या म्हणतात. हवामानशास्त्राचा पेपर दिलेला पोरगा हसतो, पण जातो. हसण्यासारखं त्यात फार नाही. लुफ्तान्सासारखी जर्मन कंपनीसुद्धा विमानात तेरावी रांग ठेवत नाही.

लग्नाच्या बैठकीत तर गुण जुळवण्याची पद्धतच बदलली आहे. पूर्वी पायलट म्हटलं की मुलीकडचे उभेच राहायचे. परवा एका बैठकीत मुलीच्या मामांनी पत्रिका बाजूला सारली.

"कंपनी कुठली?"

मुलाने नाव सांगितलं.

"आज सकाळी चालू होती ना?"

"हो, मामा."

"मग चहा टाका."