मार्चवाले सचिव

संस्था वसतिगृहाची असो, वाचनालयाची असो की फिरत्या दवाखान्याची, सचिव एकाच मातीचे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ते मनोरच्या मस्तान नाक्यावर कटिंग पीत सरकारचे वाभाडे काढतात. फेब्रुवारी उजाडला की रोज दाढी होऊ लागते, इस्त्रीचा शर्ट निघतो आणि बगलेत प्लॅस्टिकची फाइल येते: ऑडिट रिपोर्ट, करसवलतीची १२ए-८०जी प्रमाणपत्रं, सीएसआर-१. स्कूटर चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळते.

तारापूर एमआयडीसीत कुठल्या कंपनीचे किती पैसे खर्चायचे राहिलेत, हे तिथल्या अकाउंटंटच्या आधी यांना ठाऊक. ज्या कंपनीचा नफा ५ कोटी किंवा जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी, म्हणजे सीएसआरवर, खर्चावेत, हे २०१३च्या कंपनी कायद्याचं १३५वं कलम सचिवांना अथर्वशीर्षासारखं पाठ आहे.

"साहेब, उरलेली रक्कम सरकारी फंडात भरावी लागेल. तिथे तुमच्या नावाची पाटी कोण लावणार?"

साहेब पाटीला पाघळतात.

आणि गोची पाटीचीच आहे. वसतिगृहाला हवा असतो स्वयंपाकीणबाईंचा पगार. पगारावर नाव रंगवता येत नाही, म्हणून मिळतो पाण्याचा फिल्टर. ओसरीवर तीन फिल्टर, तिन्हींवर तीन कंपन्यांची नावं. चालू एकच, कारण वीजबिलाला देणगीदार नाही. चौथा आला तेव्हाही सचिवांनी शाल-श्रीफळ दिलं. फोटोत मुलं ग्लास उंचावून हसताहेत. ग्लासात पाणी विहिरीचं.

डिसेंबरात अमेरिकेतला भाचा डॉलर देऊ करतो. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलेलं, म्हणजे पैसा परदेशी. परदेशी देणग्यांची एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला तो चालत नाही. सचिव त्याला म्हणतात, "तू नुसता फोन करत जा रे."

३१ मार्चच्या रात्री मात्र माणूस पाहावा. चष्मा कपाळावर, कार्बन सरळ करत एकेक पावती फाडायची आणि ज्या देणगीदारांनी पॅन नंबर दिला नाही त्यांना अकरा वाजता झोपेतून उठवायचं. शिव्याही "धन्यवाद" म्हणत ऐकतात.

पुढच्या मार्चात ते तुमच्याकडेही येतील. फिल्टर देऊ नका, बाईंचा दोन महिन्यांचा पगार द्या. २ हजारांच्या वर रोख देऊ नका, करसवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ती तशीही नाही.