माननीय सचिवांस, पन्नास हर्ट्झवरून

मा. सचिव महोदय,


बेसमेंटमधल्या एक्झॉस्ट पंख्याचा वेग कसा आवरायचा, हा प्रश्न आपण एका एमसीबीवर निकालात काढलात, त्याबद्दल त्रिवार अभिनंदन. सकाळी ९ ला खटका वर, रात्री ९ ला खाली. वेग दोनच, सुसाट आणि शून्य. साडेनऊला कामावरून परतणाऱ्या गाड्या धूर सोडत नाहीत, हेही त्यानिमित्ताने कळलं.

मागच्या कमिटीने या पंख्याला व्हीएफडी ड्राइव्ह बसवला. मोटरच्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलून तो तिचा वेग कमी-जास्त करतो. सेन्सरने कार्बन मोनॉक्साइड वाढल्याचं कळवलं की पंखा जोरात, नाही तर सावकाश. इतकी साधी योजना टिकेल कशी? दिवाळीआधी रंगकाम निघालं. पेंटरने खांबांवरचे सेन्सर शिंतोडे उडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले, वर टेप गुंडाळली. पेंटर गेला, पिशव्या राहिल्या. पिशवीतला सेन्सर शून्य कळवत राहिला, ड्राइव्ह इमानदारीने पंखा किमान वेगावर ठेवत राहिला, पार्किंगमध्ये लोकांचे डोळे चुरचुरू लागले. आपण निदान केलंत, ‘ऑटो चालत नाही.’ स्विच मॅन्युअलवर, त्यावर सेलोटेप, आणि डिस्प्लेवर कायमचे ५०.००. पुढे वीजबिल आलं तेव्हा एमसीबी आठवला. पिशव्या अजून आहेत. वर धूळ बसली आहे.

आता थोडा हिशेब. (आपण कॉमर्सचे, म्हणून धाडस करतो.) पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात घटते, वीज मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला की हवा निम्मी, वीज एक अष्टमांश. मोटर पूर्ण वेगात साडेसात किलोवॉट घेत असेल, तर आपले १२ तास म्हणजे ९० युनिट. तोच पंखा २५ हर्ट्झवर चोवीस तास फिरवला तर हवा दिवसभरात तेवढीच निघेल आणि युनिट लागतील साधारण २३. ड्राइव्ह स्वतः खातो ते धरून दोन-तीन जास्त. आपली काटकसर सोसायटीला चौपटीच्या आसपास महाग पडते आहे, पण निर्णय ठाम आहे यात शंका नाही.

आवाजाचं तर बोलायलाच नको. वेग निम्म्यावर आणला तर तो सुमारे १५ डेसिबलने उतरतो. पंख्याचा डक्ट माझ्या खिडकीखाली उघडतो, तेव्हा ही माहिती निःस्वार्थी समजू नये.

एक शंका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोळे चुरचुरले तर माणूस तक्रार करतो, या वायूने फक्त डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपण दुपारच्या जेवणाला दोष देतो. रात्री ९ नंतर त्याला कोण अडवणार? आणि बेसमेंटमध्ये आग लागली, तर फायर पॅनेल पंख्याला धूर ओढायला पूर्ण वेगाचा हुकूम सोडेल. एमसीबी खाली असेल तर तो हुकूम कोणाला? एमसीबीच्या पॅनेलला कुलूप आहे, चावी आपल्या घरी, आणि आपण शनिवार-रविवार लोणावळ्याला असता.

पिशव्या मीच काढल्या असत्या. पण ‘कमिटीच्या परवानगीशिवाय हात लावू नये’ ही पाटी आपण खांबावर, बरोबर सेन्सरखाली लावली आहे. तरी परवानगी द्यावी. कात्री माझी.

आपला,
बी विंग, पहिला मजला

ता. क. सेन्सर उघडल्यावर त्यांचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागेल. तीन कोटेशनं मागवायला हरकत नाही, पण पुढच्या एजीएमची वाट पाहू नये.