तिसऱ्या आठवड्याचे जहागीरदार

देवासमध्ये शेतीवाडी असलेली माणसं पुष्कळ आहेत. इंदूरला प्लॉट घेऊन ठेवलेली त्याहून जास्त. पण मालकीचा आठवडा असलेला माणूस आमच्या माहितीत एकच, बापूकाका. जानेवारीचा तिसरा आठवडा त्यांचा आहे. देवासमध्ये तो तुम्हीआम्हीही वापरतो आणि त्याला त्यांची हरकत नसते. पण मनालीला देवदारांच्या झाडीत एक रिसॉर्ट आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूम-किचनेटवर शनिवारी दुपारी तीनपासून पुढच्या शनिवारी सकाळी दहापर्यंत बापूकाकांचं राज्य असतं. उरलेले एकावन्न आठवडे तिथे कोण राहतं, याची ते चौकशी करत नाहीत. "शेजारच्या शिवारात काय पेरलंय ते आपण बघू नये," म्हणतात.

हा आठवडा ते भाड्याने देतात, किंवा देण्याच्या खटपटीत असतात. गल्लीतली पोरं त्यांना हफ्तेवाले काका म्हणतात, त्यामुळे नवीन माणसाला ते पोलिसखात्यातून निवृत्त झाले असावेत असं वाटतं. दसऱ्याला त्यांचा हंगाम सुरू होतो. आपट्याचं पान हातावर ठेवता ठेवता ते विचारतात, "मग? जानेवारीत काय करून राहिले तुम्ही?" प्रश्न साधा वाटतो. पण जाणकार देवासकर पान खिशात टाकून लगेच म्हणतो, "काका, पोराची प्री-बोर्ड आहे." ज्यांना पोर नाही ते पुतण्याची सांगतात.

बापूकाकांचा आठवडा समजायचा तर त्यांच्या बैठकीची भिंत पाहावी लागते. तिथे दोन फ्रेमा शेजारी शेजारी आहेत. एकीत पणजोबांना मिळालेली तीन गावांची सनद आहे. ती मोडीत असल्यामुळे घरात कोणाला वाचता येत नाही. दुसरीत टाइमशेअरचं प्रमाणपत्र आहे. ते इंग्रजीत आहे आणि खालचा बारीक मजकूर घरात कोणी वाचलेला नाही. पहिल्या फ्रेमेतली गावं मध्य भारताच्या 1951 च्या जहागिरी निर्मूलन कायद्यात गेली. बापूकाकांच्या वाट्याला आली ती ऐट, आणि ऐटीला जमीन लागते.

ती त्यांना नव्वदच्या दशकात एका संध्याकाळी इंदूरच्या हॉटेलात सापडली. एका प्रदर्शनात त्यांनी सहज कूपन भरलं होतं. फोन आला की बक्षीस लागलंय, जेवणही आहे, मात्र पती-पत्नी दोघांनी यायचं. काकूंना बक्षिसाची भांडी पाहायची होती म्हणून त्या गेल्या. दोन तास बर्फाच्या स्लाइड दाखवल्यावर टाय लावलेल्या मुलाने अदबीने विचारलं, "अंकल, मुलांसाठी मागे काय ठेवणार?" ज्याच्या पणजोबांनी तीन गावं ठेवली होती त्या माणसाला हा प्रश्न विचारायला नको होता. बापूकाका देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये तपासणी विभागात होते. एका रेघेचा फरक असला तरी नोट बाजूला काढत. त्या संध्याकाळी त्यांनी सोळा पानांवर, चष्मा न काढता आणि न पुसता, सह्या केल्या. करार नव्याण्णव वर्षांचा.

या धंद्याचा इतिहास मात्र त्यांनी नंतर नीट अभ्यासला. टाइमशेअरची कल्पना 1960 च्या दशकात युरोपात रुजली, आणि आल्प्समधल्या स्कीच्या गावांचा त्यात मोठा वाटा होता. बर्फाच्या दिवसांत तिथे खोली मिळायची नाही आणि बर्फ वितळला की त्याच खोल्या ओस पडायच्या. मग घर विकण्याऐवजी घराचे आठवडे विकायला काढले. फ्लॅट एक, गिऱ्हाइकं बावन्न. 1974 साली अमेरिकेत इंडियाना राज्यात आरसीआय नावाची संस्था निघाली आणि तुझा आठवडा मला, माझा तुला अशी अदलाबदल चालू झाली. आठवड्यांना रंगही मिळाले. सगळ्यांना हवा तो लाल, मधला पांढरा, कोणालाच नको तो निळा. बर्फाचा आठवडा पांढरा सोडून लाल कसा, हे बापूकाकांनी कंपनीला पत्र लिहून विचारलं होतं. उत्तरादाखल मेन्टेनन्सचं बिल आलं.

अदलाबदल त्यांना मान्य नाही. "आपली जमीन देऊन दुसऱ्याची घ्यायची, हे आमच्या घराण्यात झालेलं नाही." मनालीला स्वतः जाणंही झालेलं नाही. कारण जानेवारीचा तिसरा आठवडा म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली, आणि रथसप्तमीपर्यंत काकूंचं हळदीकुंकू. त्यांच्या यादीतल्या बायका मनालीच्या एका बेडरूममध्ये मावणार नाहीत. काकूंशिवाय बापूकाका उज्जैनलाही जात नाहीत. त्यामुळे बर्फ त्यांनी आजवर गोळ्याच्या गाडीवरच पाहिला. पण ते बोलायला लागले की ऐकणारा कॉलर वर करतो. "मनालीहून सोलंग तेरा-चौदा किलोमीटर. मालवा एक्सप्रेस इथूनच पकडायची, अंबाल्याला उतरायचं, पुढे रस्ता. सोलंगच्या वाटेवर नंबर टाकलेली दुकानं आहेत, तिथे अंगभर कोट आणि गमबूट भाड्याने. स्की भाड्याने. याकवर बसून फोटो काढायचा तर याकही भाड्याने. सगळं भाड्याचं, खोली तेवढी आपली!" ज्याला खोली द्यायची तोही भाडेकरूच असणार, ही गोष्ट बोलण्याच्या भरात मागे पडते. स्कीइंगचं मर्मही ते सांगतात. "घसरायला शिकावं लागत नाही, थांबायला शिकावं लागतं." ऐकणाऱ्याला त्यांच्या मेन्टेनन्सची आठवण होते, पण कोणी बोलत नाही.

इच्छुकाला ते आधी खिडकीशी, उजेडात बसवतात. काही वेळ नुसतं बघतात. मग शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचा मसुदा काढतात. चार मोठे, दोन लहान. गिझर लावून झोपू नये. किचनेटमध्ये पोहे, खिचडी, पिठलं चालेल. बाफले करू नयेत, कारण जागा पुरणार नाही आणि खाऊन झोपल्यावर बर्फ बघायचा राहील. टॉवेल मोजून घ्यावेत, मोजून द्यावेत. बर्फ खोलीत आणू नये. या शेवटच्या कलमाबद्दल विचारलं तर म्हणतात, "तुम्ही आणणार नाही हो. पण लिहिलेलं असावं."

इंदूरचे एक दंतवैद्य एकदा इथवर आले होते. त्यांनी मोबाइल काढला आणि दाखवलं की नववर्षाची गर्दी ओसरल्यावर मनालीत हॉटेलं याहून स्वस्तात मिळतात, वर सकाळचा नाश्ता. बापूकाकांनी शांतपणे मसुद्याची घडी घातली. "हॉटेलात खोली मिळते डॉक्टरसाहेब. इथे तुम्हाला मालकाची ओळख मिळते." दंतवैद्यांनी ती ओळख तिथेच करून घेतली आणि चहा पिऊन गेले.

खरी पंचाईत पुतण्याच्या लग्नापासून झाली. बापूकाकांनी आहेरात आठवडा दिला. भर मांडवात माइकवरून जाहीर केलं. जोडपं गेलं, बर्फात लोळलं, फोटो आले. त्या दिवसापासून अख्ख्या नात्यात हा आठवडा आहेराचा म्हणूनच ओळखला जातो. भाच्याने मागितला तेव्हा बापूकाकांनी भाड्याचा विषय काढला. भाचा रुसला, बहीण रडली आणि तिने तीन गावांतल्या आपल्या न मिळालेल्या वाट्याचा उल्लेख केला. भाचा फुकट गेला. मग व्याही, व्याह्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे साहेब. एका वर्षी शीलनाथ धुनीवर जमणारं एक भजनी मंडळ हिमालय बघायला निघालं. चारांच्या जागेत चौदा जण, पेटी आणि मृदंग वेगळा. रात्री लॉबीत निर्गुणी भजनं सुरू झाली तेव्हा मॅनेजरने देवासला फोन लावला.

"सर, मेंबर कौन हैं इनमें?"

"मेंबर हम हैं. बाकी सब अपने ही लोग हैं."

"पर आप कहाँ हैं सर?"

"हम देवास में हैं. मालिक देवास में ही रहते हैं."

पणजोबांचीही रीत तीच होती. तिन्ही गावांपैकी एकाही गावात ते कधी मुक्कामाला गेले नाहीत. बैठकीत बसायचं आणि वसूल घेऊन कोण येतं ते बघायचं. बापूकाकांकडेही वसूल येतो. मनालीहून परतलेला प्रत्येक जण सफरचंदाचा जाम, अक्रोड, काकूंना शाल आणि बापूकाकांना कुल्लू टोपी आणून देतो. ते दोन्ही हातांनी घेतात आणि विचारतात, "आपल्याकडे पाऊस-बर्फ कसा काय?" त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते रोख भाडं मिळूनही दिसलं नसतं. टोप्या आता कपाटात मावत नाहीत. एप्रिलमध्ये मात्र मेन्टेनन्सचं बिल येतं, वर 18 टक्के जीएसटी, आणि कंपनी टोप्या घेत नाही. ते बिल पेन्शनीतून जातं. काकू एकदाच बोलल्या होत्या. "गावं गेली तेव्हा सरकारने थोडीफार भरपाई तरी दिली. हा आठवडा गेला तर कोणी काही देणार नाही. आणि मेला जातही नाही."

बापूकाकांना अडवू शकणारा एकच इसम आहे, काकूंचे धारचे भाऊ. रेल्वेची वाट बघण्यात उभी हयात गेल्यामुळे धारकरांना घाई नसते, आणि घाई नसलेल्या माणसाशी वाद जिंकता येत नाही. हे मेहुणे दर श्रावणात मांडूला जातात. पस्तीस किलोमीटर, डब्यात दशम्या, जहाजमहालाच्या गच्चीवर धुकं.

"भाऊजी, तुम्ही त्या मनालीपायी पैसे भरता. आमच्या मांडूला जहांगीर बादशहा 1617 साली मार्चमध्ये आला तो पावसाळा संपवूनच हलला. एवढं आवडलं त्याला. कुठलं सर्टिफिकेट घेतलं होतं त्याने?"

हा वार बापूकाकांनी बरीच वर्षं सोसला. मग कुठूनसं बादशहाचं आत्मचरित्र वाचून आले. "बादशहा यायच्या आधी मांडूच्या जुन्या महालांची डागडुजी करावी लागली होती. खर्च तीन लाख रुपये! त्या काळचे! बादशहालासुद्धा मेन्टेनन्स चुकला नाही, म्हणा."

मेहुण्यांनी सुपारी कातरली. "हो. पण त्याने एकदाच भरला."

त्यानंतर बापूकाका आठवडाभर धारचं नाव घेत नव्हते. मग त्यांनी मेहुण्यांनाच आठवडा देऊ केला, अर्ध्या भाड्यात. मेहुणे म्हणाले, "रेल्वे सुरू झाली की बघू."

आता सत्तरी उलटल्यावर बापूकाकांना वारसाची काळजी लागली. करार 2095 पर्यंत आहे. मुलं दोन. थोरला इथेच गिअरच्या कारखान्यात, धाकटा पुण्याला हिंजवडीत. एका आठवड्याच्या वाटण्या कशा करायच्या? साडेतीन-साडेतीन दिवस करावेत तर बुधवारी मध्येच सामान हलवायचं. पण देवासच्या माणसाला वाटणीचं कोडं फार वेळ पडत नाही. या गावाचा इतिहासच वाटणीचा. 1728 च्या सुमाराला तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंनी इथे राज्य मांडलं, आणि पुढे त्याच्या थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन पात्या झाल्या. एकाच गावात दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार. ई. एम. फॉर्स्टरसारखा इंग्रज लेखक 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने इथे राहिला. हे एवढ्याशा गावातलं दुहेरी राज्य पाहून तो थक्क झाला. पुढे त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. 1948 मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या तोवर हा कारभार चालला.

बापूकाकांनी तोच तोडगा काढला. विषम सालं थोरल्या पातीला, सम सालं धाकट्या पातीला. दिवाळीत दोघांना बैठकीत बोलावलं, सनदेखाली उभं केलं आणि मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखवला. मेन्टेनन्सचं कलमही वाचलं, जरा भरभर.

थोरला म्हणाला, "बाबा, माझी विषम सालंही त्यालाच द्या. धाकटा आहे तो. लहानपणी त्याला काही मिळालं नाही."

धाकटा कळवळून म्हणाला, "छे, छे! थोरल्याचा मान आहे तो. शिवाय मी पुण्यात. जहागीर देवासमध्येच राहिली पाहिजे."

"नाही, माझी शपथ आहे."

"दादा, मला पापात पाडू नकोस."

दोन्ही सुना, ज्यांचं एरवी चहातल्या साखरेवरही एकमत होत नाही, एकमेकींना म्हणत होत्या, "तुम्हीच घ्या हो, तुम्हीच." एका भावाने दुसऱ्याच्या पातीसाठी इतकी ओढाताण करावी, असं देवासच्या इतिहासात याआधी घडलं नव्हतं. काकू फराळाची ताटं घेऊन आल्या, सगळं ऐकलं आणि चकल्या पुन्हा आत नेल्या.

बापूकाकांचे डोळे भरून आले. त्यांना बराच वेळ बोलता येईना. मग मसुदा त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. इतक्या गुणी मुलांपैकी एकाला आड साल उपाशी ठेवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

भाऊबीज झाल्यावर सोमवारी त्यांनी इंदूरच्या ऑफिसात फोन करून चौथ्या आठवड्याचा भाव विचारला.