नवतप्यातला मधुचंद्र

साधी माणसं उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात. ज्यांच्या खिशात खरा पैसा खुळखुळतो ती मे महिन्यात चंद्रपूरला येतात. कारण वाघ. जंगलातलं पाणी आटलं की उरल्यासुरल्या पाणवठ्यावर वाघ येतो, आणि वाघामागून पुणे-मुंबई. पारा 47 च्या वर गेला की आम्ही चंद्रपूरकर एवढंच बघतो, की पेपरात आज पहिला नंबर आपला की ब्रह्मपुरीचा. ब्रह्मपुरीनं बाजी मारली तर चहा गोड लागत नाही.

पुण्याच्या आमच्या पुतण्यानं लग्नानंतरची पहिली सहल नेमकी 25 मेपासून आखली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, त्याच दिवशी लागतो, हे त्याच्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं. बाकी सगळं होतं. सकाळची सफारी, दुपारची सफारी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तळाशी बारीक अक्षरात : 'वेळ उरल्यास खेडी, निसर्ग, ऐतिहासिक शहर.' फोनवर विचारतो, "काका, जंगल आहे म्हणजे संध्याकाळी स्वेटर लागेल ना?" काकूनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "स्वेटर कायले बाप्पा, खिशात कांदा ठेव!"

मंगळवारी ताडोबा बंद असतो, म्हणून तो दिवस आमच्या गोंडकालीन शहराच्या वाट्याला आला. जटपुरा गेटसाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. गाडी तिथं अडकतेच, आणि तेवढ्यात दगडातला हत्तीवर चढलेला सिंह निवांत पाहून होतो. जोडप्यानं पाहावं असं खरं ठिकाण मात्र अंचलेश्वराजवळ आहे. राणी हिराईनं आपल्या नवऱ्याची, बीरशहाची, समाधी बांधली ती तिथं. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलं ते बघायला जग आग्र्याला लोटतं. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेलं शीटमध्ये 'वेळ उरल्यास'!

सफारीची जिप्सी पहाटे गेटवर रांगेत उभी राहते. त्याच सुमारास आसपासच्या गावांतल्या बाया तेंदूपत्ता तोडायला त्याच जंगलाच्या कडेला शिरतात. सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं. जिप्सीतल्याला वाघ दिसला नाही तर दिवस वाया, पैसे पाण्यात. तेंदूवालीचा हिशेब नेमका उलटा. तिच्याकडून कोणी तिकिटाचे पैसे घेत नाही, एवढीच काय ती सवलत.

'वेळ उरल्यास'मधल्या खेड्यांसाठी शेजारच्या गडचिरोलीचं नाव निघताच पुतण्याच्या सासूबाईंनी देव पाण्यात घातले. त्यांचंही बरोबर आहे. 1982 साली हा जिल्हा झाल्यापासून सरकारी नोकर तिथली बदली टाळायला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतोय, आणि जावई पदरचे पैसे खर्चून तिकडे निघालेला. सुनेला मात्र जायचंच होतं. तिला मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेला वळते ती पाहायची होती, तिथल्या देवळांवरची शिल्पं पाहायची होती, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायचा होता. हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण शीट करताना तिला कोणी विचारलंच नव्हतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ची ग्रामसभा बहुमतानं काही ठरवत नाही, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बसून राहते. अख्ख्या गावाला जमतं. इथं माणसं दोनच, आणि तरी ठराव एकमुखी, म्हणजे एकाच मुखाचा.

शेवटी सुनेनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि दोन सफाऱ्या खोडून तिथं मार्कंडा घातला. पुतण्याचा लगेच फोन. "काका, मार्कंड्याचं ऑनलाइन बुकिंग किती दिवस आधी उघडतं?"

म्हटलं, काही लागत नाही रे. उठायचं आणि जायचं.

"गाइड? परमिट? गेट?"

काहीच नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "काका, जागा नक्की बघण्यासारखी आहे ना?"