नानांचा तक्ता

गागोदे बुद्रुकला नानांकडे गेलात तर चहा लगेच येईल, अशा भ्रमात राहू नका. गुळाचा की साखरेचा, आलं की गवती चहा, कपात की पेल्यात, हे आधी ठरतं. नाना दोन्ही बाजू मांडतात. पाहुणा घड्याळ बघतो.

गणपतीच्या आठ दिवस आधीच नाना मूर्ती बघायला पेणला जातात. पेणचे कारखाने संपले की हमरापूर, मग जोहे. शाडू की प्लास्टर, मुकुट की फेटा, सगळ्याच्या वहीत खुणा. हरतालिकेच्या रात्री जी मूर्ती शिल्लक असते, ती घरी येते. पाटावर ठेवताना नाना समाधानाने म्हणतात, "शेवटी हीच ठरली."

अशा माणसाच्या हाती गावाने संकेतस्थळाचं काम दिलं. कामधंद्यासाठी पांगलेल्या गावकऱ्यांनी तिथे एकत्र यावं, जुने फोटो लावावेत, दोन शब्द लिहावेत, एवढीच कल्पना. नाना निवृत्त, घरी एकटे, हाताशी वेळच वेळ. मी फोनवर सांगून टाकलं, "नाना, वर्डप्रेस घ्या."

"अरे, एकच पर्याय असला तर त्याला निवड म्हणत नाहीत."

आठवड्यात संकेतस्थळ उभारायच्या तीन साधनांचा तक्ता तयार झाला. वर्डप्रेस २००३चं, जूमला २००५चं, द्रुपल २००१चं. तिन्ही पीएचपीवर चालणारी आणि तिन्ही फुकट. तिथेच घात झाला. किमतीत फरक असता तर स्वस्त ते घेऊन मोकळे झाले असते. भाव सारखा निघाला की नाना हाताबाहेर जातात.

जूमलाचं नाव म्हणे स्वाहिली भाषेतलं, अर्थ 'सगळे मिळून'. नाना हरखले. दुसऱ्या दिवशी पडलेल्या आवाजात फोन आला. "अर्थ चांगला आहे रे, पण गावात जाऊन 'जुमला आणतोय' असं सांगायचं कोणत्या तोंडाने?"

मग द्रुपल. त्याच्या बेल्जियन कर्त्याला आपल्या संकेतस्थळासाठी 'डॉर्प' हे नाव हवं होतं. डच भाषेत डॉर्प म्हणजे गाव. टंकताना अक्षरं उलटसुलट पडली, 'ड्रॉप' झालं, आणि त्या थेंबावरूनच पुढे द्रुपल. "म्हणजे मूळ गावच!" नानांचा गळा दाटून आला. शिवाय मायबोली, मिसळपाव ही मराठी संकेतस्थळं द्रुपलवरच नांदलेली. कुणी लिहायचं, कुणी खोडायचं, कुणाला काय दिसायचं, हे त्यात बारकाईने ठरवता येतं. नानांनी गावासाठी सतरा भूमिका काढल्या. आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच. सतरावी जावई: वाचता येईल, खोडता येणार नाही.

"आता ठरवा, नाना."

"ठरवा काय? हे विनोबांचं गाव. इथे बहुमत चालत नाही, सर्वसंमती लागते."

विनोबांचा जन्म १८९५चा, याच गावातला, हे खरं. सर्वसंमतीचा त्यांचा आग्रहही खरा. पण हेच विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीकडे गेले. तक्ता नाही, वही नाही. नाना असते तर दोन्ही गाड्यांची वेळापत्रकं ताडून पाहत अजून सुरतेच्या फलाटावर असते. हे मी त्यांना ऐकवलं. "नोंदवून ठेवतो," ते म्हणाले.

सर्वसंमतीसाठी फोन सुरू झाले. पनवेल, बदलापूर, पुणे, मस्कत. दहा वर्षांत ज्याने गावाकडे तोंड दाखवलं नव्हतं, त्यालाही नानांनी गाठून विचारलं, "तुला मोबाईलवर कुठलं बरं दिसतं?" त्या बिचाऱ्याला काय कळणार? तो विचारी, विहिरीला पाणी आहे का, आंबा धरला का, म्हातारी कशी आहे. नाना तासभर सांगत. तक्त्यात त्याच्या नावापुढे लिहीत: मत अनिर्णित, पुन्हा फोन करणे.

दीड वर्ष असं गेल्यावर गावातल्या एका कॉलेजकन्येने एका रात्रीत वर्डप्रेसवर संकेतस्थळ उभं केलं. सकाळपर्यंत त्यावर शाळेचा जुना फोटो आणि फोटोतली पोरं ओळखण्यावरून भांडण, दोन्ही हजर. भांडणारे सगळे नानांच्या यादीतलेच. एकमेकांची खबरबात त्यांना आधीच तोंडपाठ होती.

नानांचा फोन दोन दिवस आला नाही. मला चुटपुट लागली. तिसऱ्या दिवशी वाजला.

"पोरीने छान केलंय. पण बॅकअप कुठे ठेवायचा, हे कुणी ठरवलंच नाही. चार पर्याय आहेत." क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "तुला वेळ आहे ना?"

मी खुर्ची ओढून बसलो. "आहे नाना. आधी सांगा, आंबा धरला का?"